प्रकल्प नोंदी: 'गॉल' झाडांच्या वहीत की किड्यांच्या?

९ जून

शब्दसूचीचं काम आजपासून 'ग' वर आलं. आपल्याकडं दोन वह्या आहेत, हिरवी झाडांची आणि लाल किड्यांची, आणि आजवर एकही शब्द दोन्हीकडं आला नव्हता. आज आला. हिरव्या वहीत कुणीतरी लिहिलंय 'गॉल – पानावर येणारी गाठ, रोग' आणि लाल वहीत दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय 'गॉल – किड्याचं घर'. दोन्ही ओळी वाचून शाळेतल्या पोराला काय कळणार? एकाला वाटेल झाडाला काहीतरी झालंय, दुसऱ्याला वाटेल कुंभारीण माशी जसं मातीचं घर बांधते तसं किड्यानं काहीतरी आणून चिकटवलंय. आणि खरं बघायला गेलं तर दोन्ही नाही, घर आहे पण ते बांधलंय झाडानं, स्वतःच्याच पेशी वाढवून, आणि राहतंय दुसरंच कोण तरी.

हा शब्द मी घेते म्हणून ग्रुपवर टाकलं. एका ओळीचं काम आहे, दोन दिवसांत होईल असं सर म्हणाले. बघू.

१२ जून

कोल्हापुरात सायबर चौकाकडून विद्यापीठाच्या बाजूला जाताना रस्त्याकडेला करंज आहेत. पाऊस थांबला होता म्हणून गाडी बाजूला लावून एक फांदी खाली ओढून बघितली. नवीन पानं पोपटी, गुळगुळीत, आणि त्याच फांदीवरची थोडी जुनी पानं बघितली तर पार भरलेली, वर बारीक बारीक बोटं आल्यासारखी. एका पानावर मोजली तर साठाच्या पुढं गेली आणि मी मोजायचं सोडलं. बोट लावून बघितलं तर मऊ नाहीत, भाजीच्या कोवळ्या देठासारखी करकरीत आहेत, रंगानं पानापेक्षा जरा फिकट, काहींची टोकं तपकिरी. पान उलटं केलं की प्रत्येक बोटाच्या बुडाशी एक बारीक तोंड.

पाच-सहा पानं डब्यात घालून शाळेत नेली आणि एक बोट ब्लेडनं उभं चिरून मायक्रोस्कोपखाली धरलं. आत केसाळ आहे आणि त्या केसांमधनं फिकट, लांबुळके, अळीसारखे जीव हळूहळू सरकतायत. पाय फक्त चार, तेही सगळे पुढच्या टोकाला. हे कीटकच नाहीत, कोळ्याच्या गोतावळ्यातले आहेत, कोळीकीड म्हणतो ते. एरिओफिड म्हणतात ह्या गटाला, लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यानं दिसायचा प्रश्नच नाही. एवढ्याशा जिवासाठी झाडानं आपलं पान वाकवून, वर उचलून, आतनं अस्तर लावून खोली करून दिलीय. मी पंधरा वर्षं जीवशास्त्र शिकवते आणि तरी आज तासभर तिथनं उठले नाही.

हे लिहायचंच आहे कारण मागच्या वर्षी एका सोसायटीत ह्याच बोटांसाठी करंजावर दोनदा औषध मारलं आणि शेवटी 'रोगट झाड' म्हणून मोठ्या फांद्या उतरवल्या. मी तेव्हा सांगायला गेले होते, झाड मरत नाही ह्यानं, पानं दिसायला खराब दिसतात एवढंच. पण सांगायला माझ्याकडं मराठीत शब्दच नव्हता. गॉल म्हटलं तर कुणाला कळेना आणि गाठ म्हटलं की लगेच लोकांच्या डोळ्यांपुढं कॅन्सर. माणसानं 'रोग' हा शब्द हातात घेतला की पुढं कुऱ्हाडच येते. हिरव्या वहीतला 'रोग' मी आज खोडला.

१६ जून

माहेरी गेले होते. बहिणीचं बाळ दोन महिन्यांचं झालं, डॉक्टरांनी सहा महिने अंगावरचं दूध सोडून काहीही द्यायचं नाही म्हणून बजावलंय, त्यामुळं आईनं हौसेनं लक्ष्मीपुरीतनं आणलेली बाळगुटीची पुडी तशीच पडून. आई नाराज होती थोडी. म्हणाली, "तुम्ही दोघी ह्याच्यावरच वाढलासा की." पुडी उघडून एकेक दाखवायला लागली, हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, काकडशिंगी, आणि मग ते, मायफळ.

मी हातात घेतलं आणि थांबलेच. मोठ्या बोराएवढं, टणक, राखाडी, अंगावर बारीक टेंगळं, आणि एका बाजूला गोल गोल भोक, टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठं, इतकं नीट की कुणी गिरमिटानं पाडलंय असं वाटावं. लहानपणी हे भोक मी बघितलेलं आहे, किडकं आलं म्हणून आज्जी दुकानदाराला परत करायची तेही आठवतंय. पण ते किडकं नाहीच. ते दार आहे!

मायफळ हे फळच नाही. ओक नावाच्या झाडाच्या कोवळ्या फांदीवर एक बारीक गांधीलमाशीसारखी माशी अंडं घालते, त्या जागी झाड गाठ धरतं, अळी आत खाऊन-पिऊन मोठी होते आणि पंख आले की भोक पाडून निघून जाते. हा ओक आपल्याकडं कुठंच नाही, तुर्कस्तान, सीरिया, इराण ह्या बाजूला होतो, आणि सगळ्यात नावाजलेला माल एके काळी सीरियातल्या हलबचा, म्हणजे अलेप्पोचा. म्हणजे आईच्या पुडीतली ही गाठ तिकडच्या डोंगरातनं लक्ष्मीपुरीत आलेली.

आईकडनं ते मागून घेतलं आणि अडकित्त्यात धरून फोडलं. एका दणक्यात दोन तुकडे झाले, मधोमध खोली, ज्वारीच्या दाण्याएवढी, आतनं गुळगुळीत, आणि तिथनं भोकापर्यंत सरळ बोगदा. आई चष्मा लावून बघत होती, म्हणाली, "अगं मग आम्ही पोरांना किड्याचं घर उगाळून पाजलं व्हय?" मी म्हटलं घर झाडाचंच आहे आई, भाडेकरू कधीच गेलाय. तिला ते पटलं. जिभेला लावून बघितलं तर एवढं तुरट की गाल आत ओढले गेले.

काकडशिंगी पण तसलीच! पोकळ, वाकडी, शिंगासारखी, ती हिमालयाच्या बाजूच्या पिस्त्याच्या जातीतल्या झाडावर मावा करवून घेतो. संस्कृतात कर्कटशृंगी, कर्कट म्हणजे खेकडा, तर खेकड्याचं शिंग, आणि खरोखर नांगीसारखाच आकार आहे. एका पुडीत दोन गॉल आणि आपण शब्द शोधत फिरतोय.

१७ जून

रात्री शब्दाच्या मुळाचं बघत बसले आणि गंमत अशी निघाली की आपण उलटीकडनं सुरुवात करत होतो. 'गॉल' हा शब्दच मुळात मायफळाचा. लॅटिनमध्ये गाला म्हणजे ओकवरची ही गाठ, शाई आणि रंगासाठी बाजारात विकली जाणारी. तिथनं जुन्या फ्रेंचमध्ये गाल झालं, तिथनं इंग्रजीत गॉल, आणि मग ओकच नाही तर कुठल्याही झाडावरच्या असल्या कुठल्याही गाठीला तोच शब्द लागला. म्हणजे आधी वस्तू, मग तिच्या नावानं सगळी जात. जसं आपण पेठेत कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसंच.

इंग्रजीत आणखी एक गॉल आहे, पित्त ह्या अर्थाचा, पित्ताशयातल्या खड्याला गॉलस्टोन म्हणतात तो. आमच्यातल्या दोघांना हा एकच शब्द वाटत होता, कडू-तुरट म्हणून नातं असेल असं. नाही. तो जुन्या जर्मानिक घरातला आहे, पिवळ्या-हिरव्या रंगाच्या एका फार जुन्या धातूपासून आलेला, आणि त्याच धातूतनं आपल्याकडं संस्कृतात हरि, हरित, हिरण्य आले. आणि हरित वरनं हरीतकी, हरीतकीवरनं आपला हिरडा! म्हणजे पित्तवाला गॉल लांबच्या नात्यानं हिरड्याचा भाऊबंद निघतो, आणि आईच्या पुडीत हिरड्याशेजारीच पडलेल्या मायफळाच्या गॉलशी त्याचं काहीच नातं नाही. हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसले.

ग्रीकात ह्या गाठीला केकिस म्हणायचे, पाझरणं ह्या अर्थाचा शब्द. तिथनं सिसिडियम हा शास्त्रीय शब्द, आणि गाठी करणाऱ्या चिलटांच्या कुळाचं नाव सेसिडोमायिडी, म्हणजे गाठमाशी. आंब्याच्या पानांवर देवीच्या वणासारखे जे फोड दिसतात ते ह्याच कुळातल्या चिलटाचे.

मायफळाला फारसीत माझू म्हणतात आणि हिंदीत माजूफल. बाळाला देतात म्हणून 'माय'फळ, ही गोष्ट ग्रुपवर एकीनं टाकली, गोड आहे, पण नोंदीत घालणार नाही. गोड असणं हा पुरावा नव्हे.

२२ जून

आज बैठक. 'गॉल' ला मराठी काय ठेवायचं ह्यावर दीड तास. 'पिटिका' सुचवलं गेलं, परिभाषेतला शब्द, पण सातवीतल्या पोराला पिटिका म्हणजे पेटीच वाटणार. साधा 'गाठ' ठेवू म्हटलं तर आमचा शिरोळकडचा शेती करणारा भाऊ म्हणाला, "सोयाबीनच्या मुळाला येत्यात त्या बी गाठीच की, आणि त्या तर चांगल्या." बरोबर आहे त्याचं. शेंगवर्गातल्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू असतात, हवेतला नत्र धरतात, त्या असल्या की शेतकरी खूश. आणि टोमॅटो-वांग्याच्या मुळांना सूत्रकृमीच्या गाठी येतात, त्या आल्या की पीक बसतं. तो म्हणाला ओळखायचं सोपं आहे, रोप उपटून मुळी बोटात चोळायची, नत्राची गाठ सुटून हातात येती, सूत्रकृमीची येत न्हाई, कारण ती मुळीच सुजलेली असती. हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत घेतलं, पुस्तकातल्यापेक्षा चांगलं आहे.

मी 'कीडगाठ' मांडला. सर म्हणाले करंजावर तर कोळीकीड आहे, कीटक नाही, मग चालेल का? मला वाटतं चालेल, कारण मराठीत कीड हा शब्द कधीच सहा पाय मोजून वापरलेला नाही, दातालाही कीड लागते. जिवाणूच्या आणि बुरशीच्याही गाठी असतात त्यांचं काय, हा प्रश्न राहिला. त्यांना नुसतं गाठ म्हणू.

२९ जून

नववी ब ला शाईचा प्रयोग दाखवला. मायफळाचा अर्धा तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळला, मातकट पाणी झालं, त्यात प्रयोगशाळेतलं फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, चिमूटभर. पाणी बघता बघता करडं, मग जांभळट काळं. एका मुलीनं काडी बुडवून वहीच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, पहिल्यांदा फिकट दिसत होतं, ती म्हणाली, "मॅडम, दिसंना की काय," मी म्हटलं तास संपेपर्यंत बघू नको. घंटा झाल्यावर उघडलं तर अक्षरं चांगली काळी झालेली. हवा लागली की लोखंडाचं रूप बदलतं आणि मायफळातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, त्याची पकड काळी होते, म्हणून लिहिल्यावर शाई गडद होत जाते. युरोपात शेकडो वर्षं कागदपत्रं ह्याच शाईनं लिहिली. रोमन काळात प्लिनी ह्या लेखकानं उलटा उपयोग नोंदवलाय, गॉलच्या पाण्यात भिजवलेला पपायरस लावून बघायचा, काळा पडला तर तांब्याच्या जंगालात लोखंडाच्या क्षाराची भेसळ.

एक पोरगा मागनं म्हणाला आमच्यात विळीवर आवळा चिरला की काळा पडतोय ते हेच का. हेच! इतका आनंद झाला मला की बस.

मग विचारलं ह्या गाठी कशा होतात हे कुणी शोधलं. रेडीचं नाव त्यांना माहीत आहे, मांसाच्या बरणीवर जाळी बांधून माशी अंडी घालते म्हणून अळ्या होतात हे दाखवणारा. त्याच रेडीला गाठीतल्या अळ्यांच्या बाबतीत मात्र वाटायचं की झाडच आपल्या जीवशक्तीनं त्या तयार करतं. १६७९ मध्ये मालपिघी नावाच्या इटलीतल्या शास्त्रज्ञानं गाठींवर वेगळं प्रकरण लिहिलं, गाठी कापून, चित्रं काढून, की हे सगळं माशीनं घातलेल्या अंड्यापासून सुरू होतं. वर्ग एकदम शांत होता. एवढा मोठा माणूस चुकू शकतो हे त्यांना प्रयोगापेक्षा जास्त लागलं असं मला वाटलं.

६ जुलै

सुभाषनगरला चप्पल करणाऱ्या मामांकडं. गाठीतलं टॅनिन आणि चामड्याचं टॅनिन ह्याचा धागा पोरांना इथल्याच वस्तूवर दाखवायचा होता. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्याची पूड घालून कमवतात, आणि 'कमवणं' हा शब्दच मला फार आवडतो, कच्चं कातडं कमवल्याशिवाय चामडं होत नाही. मामांना मायफळ दाखवलं, त्यांनी दाताखाली धरलं, थुंकले आणि म्हणाले, "हिरड्याचाच भाऊ हाय ह्यो, पर जास्त कडक." मी शाईचं सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "वल्या चामड्याला लोखंडाचा खिळा ऱ्हायला की काळा डाग पडतोय, जात न्हाई मग. आम्ही जपतोय त्येला." जी गोष्ट मी फळ्यावर बाण काढून समजावते ती ह्यांनी रोज बोटांनी सांभाळलेली.

मायफळात निम्म्याहून जास्त टॅनिन असतं. म्हणून माशी बाहेर पडायच्या आधीच तोडलेला हिरवट-निळसर माल रंगारी जास्त किंमत देऊन घ्यायचे, भोक पडल्यावर कस कमी होतो.

२५ जुलै

नरसोबाच्या वाडीला जायचं होतं, रद्द. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला इशाऱ्याची ३९ फुटांची रेषा सोडून वर गेलीय, शिरोळकडचा भाऊ जनावरं हलवतोय, आज शब्दांचं कुणाच्या डोक्यात नाही.

१८ ऑगस्ट

पाणी उतरल्यावर आज नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो, चौघं. घाटावर अजून गाळ, पायऱ्या धुवायचं चालू. इथं औदुंबराचं महत्त्व मी सांगायला नको, पण आम्ही गावाबाहेर रस्त्याकडेला असलेल्या उंबराखाली थांबलो, पूजेच्या झाडाला हात लावायचा नव्हता.

एकाच झाडावर दोन प्रकारच्या गाठी मिळाल्या. पानांवर लालसर फुगवटे, ते उड्या मारणाऱ्या बारीक किडीचे, सिलिड म्हणतात तिला, सातवीणीच्या पानांवर गाठी करणारीही ह्याच गोतातली. आणि दुसरी गाठ उंबराच्या फळात. फळ म्हणतो पण तेही फळ नाही, आत तोंड करून बसलेल्या शेकडो फुलांचा डबा आहे, म्हणून तर उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. मी एक पिकत आलेलं उंबर नखानं फोडलं, आतनं केंबरं भुरकन उडाली आणि दोन माझ्या मनगटावर बसली. आज्जी म्हणायची उंबर फोडून बघू नये. मी आज मुद्दाम बघितलं, भिंग लावून, आणि झाडाचीच माफी मागून.

मादी केंबरू उंबराच्या टोकाच्या छिद्रातनं आत घुसते, घुसताना पंख तुटतात, आत फुलांवर परागकण पोचवते आणि अंडी घालते. ज्या फुलांचा देठासारखा भाग आखूड त्यात अंडं पोचतं आणि त्या फुलाची गाठ होते, ज्यांचा लांब त्यात बी होतं. गाठीतनं नर आधी निघतात, त्यांना पंखच नसतात, ते माद्यांशी जुगतात, बाहेरची वाट कुरतडतात आणि आतच मरतात. माद्या पराग घेऊन बाहेर. केंबरं नसतील तर उंबराला बी धरत नाही, उंबर नसेल तर केंबरांना जागा नाही. करंजाच्या बोटांत झाडाला काही मिळत नाही, इथं मात्र गाठीशिवाय झाडाचा वंशच चालत नाही.

आणि हे लक्षात आल्यावर दोन वह्यांचा प्रश्न मला वेगळाच दिसायला लागला. उंबर कुठल्या वहीत लिहिणार मग? परत येताना गाडीत ह्यावरच बोलत होतो, हातात बासुंदीचे द्रोण.

२३ ऑगस्ट

नोंद पक्की झाली. दोन्ही वह्यांत एकच मजकूर, शब्दाचाही फरक न करता, हिरव्यात लाल पेननं आणि लाल वहीत हिरव्या पेननं. असा:

'कीडगाठ, गॉल. किड्याच्या किंवा कोळीकिडीच्या चाळवण्यानं झाडानं स्वतःच्या पेशी वाढवून केलेली जागा. आत तो जीव राहतो आणि खातो. सगळ्यात ओळखीची कीडगाठ म्हणजे बाळगुटीतलं मायफळ, इंग्रजी शब्द मुळात तिच्यासाठीच होता. मायफळावरचं भोक म्हणजे माशी बाहेर पडलेलं दार. इथं बघायला: करंजाच्या पानांवर बोटं, आंब्याच्या पानांवर फोड, उंबराच्या पानांवर फुगवटे आणि उंबराच्या आत. झाड तोडू नये, औषध मारायच्या आधी विचारावं.'

शेवटचं वाक्य शब्दसूचीत बसत नाही असं सर म्हणाले. मी ते काढणार नाही म्हणून सांगितलं आणि ते राहिलं.

फोडलेल्या मायफळाचे दोन्ही तुकडे काडेपेटीत कापूस घालून ठेवलेत, एक माझ्याकडं, एक आईनं मागून घेतलाय, शेजारणींना खोली दाखवायला. करंजाचा फोटो परत काढायचा आहे, जुन्यात पान सुलटं धरलंय आणि तोंडं दिसत नाहीत. सोमवारी 'घ' सुरू.